अर्ध्या पावलाचा उशीर

धाकटीने फोनवर एकच अट घातली होती. "रविवारी मी त्याला जेवायला आणतेय. कुणीही 'अपघात' म्हणायचं नाही आणि कुणीही 'चेंडूच घेतला होता' म्हणायचं नाही. म्हणालात, तर मी त्याला घेऊन जेवणावरून उठेन."

तेव्हापासून आईला त्या शब्दांची धास्ती बसली होती. अकरा वर्षं ते वाक्य या घरात मिठाच्या बरणीसारखं हाताशी असायचं. फुटबॉलच्या मैदानावर थोरल्याने पायात पाय घालून केलेल्या त्या टॅकलबद्दल कुणी विचारलं की बाबा सांगायचे, "चेंडूच घेतला होता त्याने. पोराचा पाय मध्ये आला, त्याला कोण काय करणार?" न्हाव्याला सांगायचे, गॅसची शेगडी दुरुस्त करायला आलेल्याला सांगायचे, आणि अलीकडे तर कुणी विचारलेलं नसतानाही सांगायचे. त्या पोराला लोक भिंगरी म्हणत. बावीस वर्षांचा होता, उजव्या कडेने पळायचा आणि जागच्या जागी गिरकी घेऊन बचावपटूंना मामा बनवायचा. त्या दुपारी त्याच्या नडगीची दोन्ही हाडं मोडली, गुडघा कामातून गेला, आणि तो पुन्हा मैदानावर उतरला नाही. थोरला मात्र खेळत राहिला. प्रेक्षक त्याला 'कडी' म्हणायला लागले, कारण तो मागे उभा असला की दार बंद. आता पस्तिशीला आला होता. येत्या शनिवारी तो शेवटची मॅच खेळणार होता.

आणि धाकटीला लग्न करायचं होतं ते याच भिंगरीशी.

"अहो, दाराला आत्ता कशाला रंग?" आई स्वयंपाकघरातून ओरडली.

"आयुष्यभर लोकांची घरं रंगवली," बाबा ब्रश न थांबवता म्हणाले, "आणि आपल्या दाराची अवस्था बघ. माणूस पहिल्यांदा येतोय."

"दीड तासात येतोय! वाळणार कधी?"

"पातळ हात दिलाय."

खालच्या मजल्यावर राहणारी आत्या सकाळपासून वर येऊन बसली होती. तीस वर्षं टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती. लोकांची बोलणी जोडून द्यायची आणि मधूनमधून ऐकायची, ही सवय पेन्शनीत निघाल्यावरही गेली नव्हती. लसूण सोलता सोलता तिने आवाज खाली आणला. "तू काय ठरवलंयस? भावाचं मला माहीत आहे. त्याला फक्त कुणी विषय काढला नाही की झालं."

"माझं काय विचारता, वन्सं." आईने गॅस बारीक केला. "मुलगा चांगलाच असेल. पोरीची निवड कधी चुकली नाही. पण माझा थोरला घरी आला की समोर तो पाय असणार. दरवेळी. सणासुदीला, बारशाला, कुणी आजारी पडलं तरी. माझ्या पोराने विसरायचं तरी कसं?"

"विसरलाय का तो?"

आई कढईतली भाजी हलवत राहिली.

"मग?" आत्याने सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या. "मी धाकटीच्या बाजूने आहे. तिच्या बाजूला दुसरं कुणी दिसत नाही म्हणून."

"तुम्ही कायमच तिच्या बाजूला असता."

"कायम असते म्हणून तर या घरात माझी किंमत राहिली नाही," आत्या म्हणाली, आणि दोघी नाही म्हटलं तरी हसल्या.

*

थोरला ठरल्या वेळेच्या पाऊण तास आधी पोचला आणि गाडीतच बसून राहिला. बायकोने सकाळी बजावलं होतं, "एकटा जा. मी असले तर तू बोलायच्या ऐवजी माझ्याकडे बघत बसशील." ती त्याला चांगली ओळखत होती.

काय बोलायचं, हेच त्याला माहीत नव्हतं. तीनशेच्या वर मॅचेस खेळलेला माणूस. समोरचा कुठल्या पायावर भार टाकतोय एवढ्यावरून तो कुठे वळणार हे त्याला आधीच कळायचं. पण आता जिना चढून बाहेरच्या खोलीत गेल्यावर हात कुठे ठेवायचे, हे सुचेना.

ती दुपार त्याला नीट आठवत होती. लोकांना वाटायचं तशी धूसर वगैरे मुळीच नव्हती. गवत ओलं होतं. पहिल्या अर्ध्या तासातच भिंगरीने त्याच्या दोन पायांमधून चेंडू काढून नेला होता. तेव्हा स्टँडमध्ये हशा पिकला. दुसऱ्या हाफमध्ये पुन्हा तसाच काढला, आणि या वेळी लोक उभे राहून हसले. त्या लोकांत सहाव्या रांगेत बाबा बसले होते, कामावरून तसेच आलेले, पँटवर चुन्याचे डाग. थोरल्याने वर बघितलं. बाबा खाली मान घालून बुटाची नाडी बांधत होते. त्यांच्या बुटाला नाडी नव्हतीच.

एकाहत्तराव्या मिनिटाला भिंगरी तिसऱ्यांदा आला. चेंडू त्याने किंचित लांब ढकलला होता. थोरल्याने अंतर बघितलं आणि त्याला कळलं की अर्धं पाऊल उशीर झालाय. चांगल्या बचावपटूला ते कळतंच. कळलं की थांबायचं, मागे सरायचं, तोंड समोर ठेवून पळायचं. तो थांबला नाही. त्याने दोन्ही पाय पुढे टाकले आणि गवतावरून घसरत गेला.

पंचाने नुसतं पिवळं कार्ड दाखवलं. मॅच संपल्यावर कुणीतरी तोंडासमोर माइक धरला, आणि थोरला म्हणाला, "मी चेंडूच घेतला." ते वाक्य बाबांनी तिथून उचललं. क्लबने हॉस्पिटलमध्ये फुलं पाठवली, सोबत सगळ्या टीमच्या सह्यांचं कार्ड. थोरल्याने आपली सही मुद्दाम मधोमध केली, वीसएक सह्यांच्या गर्दीत, चटकन दिसणार नाही अशी.

त्याने गाडीच्या आरशात बघितलं. मागून एक रिक्षा येऊन थांबली. आधी धाकटी उतरली. मग एक पाय बाहेर आला, सरळ, न वाकणारा, आणि त्याच्यामागून तो.

थोरला गाडीतून उतरला. "दादा!" धाकटी म्हणाली, जरा जास्तच मोठ्याने.

"नमस्कार," भिंगरी म्हणाला.

"नमस्कार. या. तुम्ही... चढाल ना? तिसरा मजला आहे."

"चढतो की. वेळ लागतो थोडा."

तिघं जिना चढू लागले. थोरला पुढे होता. आपण फार भराभर चढतोय असं त्याला वाटलं, म्हणून हळू झाला. मग मुद्दाम हळू चढतोय असं दिसेल, म्हणून पुन्हा भराभर चढला.

*

धाकटी हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. लोक आधी माणसाचा चेहरा बघतात, तिने आधी नडगी बघितली होती. चार वर्षांपूर्वी एक फिल्म तिच्या हातात आली. हाडाला जोडलेली धातूची पट्टी, आठ स्क्रू, आणि खाली एक नाव, जे तिच्या घरात कधीच उच्चारलं जात नसे. हॉस्पिटलच्या मागे कृत्रिम पाय आणि आधाराच्या पट्ट्या बनवायचं वर्कशॉप होतं, तिथला तो कारागीर. स्वतःच्या पायाला आधाराची पट्टी बसवून घ्यायला गेला आणि तिथेच काम शिकला. "मी त्याची बहीण आहे," तिने पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. तो थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मग एक्स-रे तरी सरळ काढा."

आता तो दारातून आत आला, आत येताना तोल सावरायला चौकटीला टेकला, आणि त्याची अख्खी बाही हिरवी झाली.

"अरे अरे अरे!" बाबा टर्पेंटाइनचं फडकं घेऊन धावले. "माझंच चुकलं. थांबा, हलू नका. चुकून झालं हो, अपघात..."

बाबांचा हात बाहीवर तसाच राहिला. आईने डोळे मिटले.

आत्या खो खो हसत सुटली. "गेलं! आल्या आल्या पहिलं वाक्य!"

धाकटीला हसावं की चिडावं कळेना. "रंगाचा चालेल," ती शेवटी म्हणाली.

"मला पण चालेल," भिंगरी म्हणाला. "शर्ट जुनाच आहे."

त्यानंतर बरं चाललं. आत्याने त्याला पाय कसा बनवतात ते विचारलं आणि तो मन लावून सांगत बसला: आधी प्लास्टरचा साचा घ्यायचा, साचा आठवडाभर घासायचा, माणूस पहिल्या दिवशी खोटं बोलतो की कुठेही टोचत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच्या त्वचेवरचे लाल डाग बघायचे. आईने त्याला दुसऱ्यांदा वाढलं. थोरला समोरच्याच खुर्चीवर बसला होता आणि भाताकडे बघून जेवत होता. त्याच्या कानाची टोकं लाल झालेली धाकटीला दिसत होती. लहानपणी खोटं बोलताना व्हायची तशी.

"शनिवारी जाणार का मग मॅचला?" आत्याने भिंगरीला विचारलं. "शेवटची आहे याची."

"मैदानात गेलो नाही मी त्यानंतर. टीव्हीवर बघतो."

"याच्या मॅचेस?" बाबा पुढे सरसावले. भीती सरली की त्यांची जीभ सुटायची. "सगळ्या?"

"जवळजवळ सगळ्या."

"मग तुम्हाला कळतच असेल! खेळणाऱ्यालाच कळतं. किती स्वच्छ खेळतो बघा. अकरा वर्षांत एक लाल कार्ड नाही. तेव्हासुद्धा खरं म्हणजे त्याने चेंडूच..."

ते थांबले, पण शब्द बाहेर पडला होता.

धाकटी उठली. राग येईल असं तिला वाटलं होतं, पण रडूच यायला लागलं. "चल," ती भिंगरीला म्हणाली.

"बस ना," तो म्हणाला. "मला भूक आहे अजून."

"बाबा." थोरल्याने हातातला घास खाली ठेवला. "मी चेंडू घेतला नव्हता."

"अरे, मी बघितलं ना. स्टँडमध्ये होतो मी."

"मला उशीर झाला होता. उशीर झालाय हे मला पाय टाकायच्या आधी कळलं होतं. कळूनसुद्धा टाकला." तो बाबांशी बोलत होता, पण आता बघत होता भिंगरीकडे. "दोनदा पायांमधून काढलास तू. लोक हसत होते. बाबा वर बसले होते, त्यांनी मान खाली घातली. मला ते सहन झालं नाही. एवढंच. दुसरं काही कारण नव्हतं. आणि मी भेटायला आलो नाही, कारण आलो असतो तर हे सांगावं लागलं असतं."

आई हळूच म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?" बाबांचा आवाज चिरकला.

"तुझ्या प्रत्येक मॅचची कॅसेट तू या खोलीत बसून बघितलीस," ती थोरल्याला म्हणाली. "ती एक नाही बघितलीस. कधीच. चेंडू घेतला असतास तर दहा वेळा बघितली असतीस. मी विचारायला हवं होतं. वाटलं, विचारलं तर तुला सांगावं लागेल."

बाबा उठून खिडकीपाशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. मग ते म्हणाले, "मी टाळ्या वाजवल्या होत्या. हा पडला तेव्हा. लोक हसायचे थांबले म्हणून बरं वाटलं मला. पाय बघितला ते नंतर." ते वळले. त्यांना भिंगरीकडे बघवेना. "अकरा वर्षं मी लोकांना सांगत फिरतोय की चेंडूच घेतला. नाहीतर मी कशाला टाळ्या वाजवल्या, याचं काय उत्तर देऊ?"

भिंगरीने चमचा ताटलीत ठेवला. "टाळ्या मला ऐकू आल्या नाहीत, काका. मी ओरडत होतो."

तो हे सहज म्हणाला, पण त्याचा स्वतःचा आवाज जरा हलला. धाकटी पुन्हा त्याच्याशेजारी बसली.

"माफ केलं म्हणायला मी आलेलो नाही," तो म्हणाला. "ते मला कधी म्हणता येईल की नाही, माहीत नाही. मी लग्नाचं विचारायला आलोय. पण एक सांगतो." तो थोरल्याकडे वळला. "पहिली दोन वर्षं तुझ्या मॅचेस बघायचो, ते तू आपटावास म्हणून. देवाशपथ. मग एक दिवस लक्षात आलं की तू घसरत नाहीस. एकदाही नाही. पाय खाली घालायची वेळ आली की तू थांबतोस, मागे सरतोस, पळत राहतोस. त्यात दोन गोल खाल्लेस, कोचने बाहेर बसवलं, तरी नाही. पेपरवाले म्हणाले, कडी शहाणा झाला. मला वाटलं, शहाणा कसला, हा घाबरलाय माझ्यासारखाच. तेव्हापासून मी तू आपटावास म्हणून बघणं सोडलं. खेळ म्हणून बघायला लागलो."

थोरल्याने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. आईने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि, तिलाही कळलं नाही कसा, दुसरा हात भिंगरीच्या हिरव्या बाहीवर.

"पोरगी देणार आहोत आम्ही," आत्या म्हणाली. "मी सांगून टाकते, नाहीतर हे लोक संध्याकाळपर्यंत नुसते रडतील."

*

जेवण झाल्यावर थोरला भांडी घासायला उभा राहिला. आईने नको म्हटलं, पण त्याला हाताला काहीतरी हवं होतं. थोड्या वेळाने भिंगरी आत आला, ओट्याला पाठ टेकवून उभा राहिला आणि न विचारता एक एक ताटली पुसायला लागला.

बाहेरून बाबांचा आवाज येत होता. ते धाकटीला दुसऱ्यांदा सॉरी म्हणत होते आणि ती म्हणत होती, "पुरे हो बाबा, आता तुम्ही दाराबद्दल सॉरी म्हणा."

"शनिवारनंतर काय करणार?" भिंगरीने विचारलं.

"माहीत नाही. क्लब म्हणतोय, ज्युनियर टीमला शिकवा. मला येईल की नाही कोण जाणे. दुसऱ्याला काय सांगायचं? थांब, मागे सर, घाबर?"

"वाईट नाही तसं."

"तू हसतोयस."

"थोडा." भिंगरीने ताटली उजेडात धरून बघितली आणि पुन्हा पुसली. "माझ्याकडे एक काम आहे. नवा पाय लागला की लोक चालायला शिकतात. ते आम्ही शिकवतो. पण पडायला त्यांना कुणी शिकवत नाही. एक गवंडी आहे आत्ता, पन्नाशीचा, घोट्यापासून खाली पाय नाही. पाय चांगला बसलाय, पण पडायच्या भीतीने खुर्चीतून उठतच नाही. मी त्याला दाखवू शकत नाही. माझा गुडघा वाकत नाही."

थोरल्याने नळ बंद केला.

"तुला खाली जायचं माहीत आहे," भिंगरी म्हणाला. "नुकसान न होता कसं जायचं, ते. आधी कुठला भाग टेकवायचा, हात कुठे, उठायचं कसं. आयुष्यभर केलंयस."

"अकरा वर्षं नाही केलं."

"हो. ते मीच मघाशी सांगितलं."

थोरला हात पुसत उभा राहिला. स्वयंपाकघराची फरशी ओली होती. त्याने टेबल भिंतीला सरकवलं, एक स्टूल उचलून ओट्यावर ठेवलं. मग एक गुडघा सैल सोडला, अंग बाजूला कलू दिलं, आणि मांडीवरून, कुल्ल्यावरून, खांद्यापर्यंत लाटेसारखा खाली गेला. हात डोक्यापासून लांब. फरशीवर तो हातभर घसरला आणि फ्रिजला जाऊन टेकला. वरच्या डब्याचं झाकण खणखणत खाली पडलं.

"काय पडलं?" आई धावत दारात आली. तिच्यामागे बाबा, धाकटी, आणि सर्वांत मागे आत्या टाचा उंचावून. "अरे देवा! लागलं का रे? शनिवारी मॅच आहे तुझी!"

"काही नाही आई." थोरला फरशीवर पडल्या पडल्या छताकडे बघत होता आणि त्याला हसू आवरेना. "शिकवतोय."

भिंगरीने ताटली बाजूला ठेवली. ओट्याला धरून तो जितका वाकता येईल तितका वाकला आणि थोरल्याचा खांदा फरशीला कुठे टेकलाय ते नीट बघितलं, साचा बघावा तसं.

"पुन्हा दाखव," तो म्हणाला. "आणि या वेळी हळू जा. माझा गवंडी पन्नाशीचा आहे."